वाटीतला फिल्टर आणि डबा फिल्टर: बेळगावकडच्या एका जुन्या मॅसीची नोंद

आपल्या सीमाभागाचा इतिहास लिहायला बसलं की हात आधी किल्ल्याकडे जातो, मग वाड्याकडे, मग कागदपत्रांकडे. ते बरोबरच आहे. पण बेळगाव परिसराच्या गेल्या सव्वाशे वर्षांतला मोठा भाग लोखंडात लिहिलेला आहे आणि तो वाचायची सवय आपल्याला कमी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ च्या सुमारास बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे इथेच कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले, आणि १९१० साली बाडबिस्तरा घेऊन औंध संस्थानातल्या माळावर गेले. हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. त्या नांगराच्या मागोमाग शेतात जे आलं, म्हणजे विहिरीवरचं इंजिन आणि नंतर ट्रॅक्टर, त्याची नोंद मात्र कोणी ठेवलेली दिसत नाही.

म्हणून हा लेख एका ट्रॅक्टरच्या एका भागावर. आमच्या घरात मॅसी फर्ग्युसन ३५ आहे. लाल पत्रा, राखाडी इंजिन, तीन सिलिंडरचं पर्किन्स. आजोबांच्या काळात आला, अजून चालतो. गेल्या वर्षी त्याचा ऑइल फिल्टर आम्ही बदलून नव्या पद्धतीचा केला. 'जुन्या वस्तूला हात का लावलात?' असं मंडळातल्या दोघांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागेल.

आधी या इंजिनाची कुळकथा. हॅरी फर्ग्युसनचा छोटा राखाडी ट्रॅक्टर, टीई-२०, १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडात कॉव्हेंट्रीला पाच लाखांहून जास्त संख्येने तयार झाला. १९५३ साली फर्ग्युसन आणि कॅनडाची मॅसी-हॅरिस कंपनी एक झाल्या, १९५८ पासून नाव नुसतं मॅसी फर्ग्युसन उरलं. ३५ हा टीई-२० चा वारस. त्याला सुरुवातीला स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं आणि ते सकाळच्या गारठ्यात सुरू व्हायला फार कुरकुर करायचं. १९५९ साली मॅसी फर्ग्युसनने पीटरबरोची पर्किन्स कंपनी विकत घेतली आणि त्याच सुमारास ३५ ला पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन बसलं. त्याचं नाव ३.१५२. हे दशांश चिन्ह नव्हे बरं का. ३ म्हणजे सिलिंडर तीन आणि १५२ म्हणजे घन इंच. बोअर ३.६ इंच, स्ट्रोक ५ इंच, तिप्पट करून पाहा, हिशेब जमतो. आपल्या मापात सुमारे अडीच लिटर.

हे इंजिन आपल्याकडे रुजलं ते मद्रासमुळे. १९६० साली मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने तिथे टॅफे कंपनी निघाली आणि त्याच उद्योगसमूहातल्या सिम्प्सनकडे पर्किन्सची इंजिनं बनत होती. म्हणून आमच्याकडच्या कुठल्याही जुन्या मेस्त्रीला विचारा, तो 'पर्किन्स' आणि 'सिम्प्सन' ही दोन नावं एकाच श्वासात घेतो. सांगण्यासारखी गोष्ट ही की इंजिनाचं हे घराणं पुढे अनेक वर्षं सुधारत, बदलत चालू राहिलं. त्यामुळे साठ वर्षांपूर्वीच्या इंजिनाला त्याच्या नातवाचा भाग बसतो, असं बऱ्याच ठिकाणी घडतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता फिल्टर. पहिल्या मोटारींना आणि ट्रॅक्टरांना ऑइल फिल्टर नव्हताच. तोंडाला जाळी असायची, ती खडे अडवायची, बाकी सगळं ऑइलबरोबर फिरायचं. उपाय एकच: वरचेवर ऑइल बदला. १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी मोटारीसाठी फिल्टर काढला आणि त्याला प्युरोलेटर असं नाव दिलं. पण हे पहिले फिल्टर आडवाटेचे होते. पंपातून आलेल्या ऑइलचा थोडासा भाग फिल्टरकडे वळवायचा, गाळून चेंबरमध्ये सोडायचा, आणि मोठा भाग न गाळताच बेअरिंगकडे पाठवायचा. आज ना उद्या सगळं ऑइल एकदा तरी गाळलं जाईल, असा तो विचार. नंतर आला पूर्ण प्रवाहाचा फिल्टर: पंपातून निघालेलं सगळंच्या सगळं ऑइल आधी गाळणीतून जाणार, मग क्रँककडे. आमच्या ३.१५२ ला हाच आहे. गाळणी म्हणजे घड्या घातलेल्या कागदाचा नळकांड्यासारखा एलिमेंट. तो एका पत्र्याच्या वाटीत बसतो, वाटी इंजिनाच्या कुशीला असलेल्या बिडाच्या हेडला खालून लागते, आणि तळातून वर जाणारा एक लांब बोल्ट सगळं धरून ठेवतो. हेडच्या खोबणीत रबराची रिंग. वाटी त्या रिंगवर दाबून बसली की ऑइल बाहेर येत नाही.

येत नाही म्हणजे, येऊ नये. ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांना माहीत आहे. ट्रॅक्टरखाली पाठीवर झोपायचं, बोल्ट सैल केला की गरम काळं ऑइल कोपरापर्यंत येतं. वाटी धुवायची, तळातली स्प्रिंग आणि वॉशर हरवू द्यायचे नाहीत. खोबणीतली जुनी रिंग उष्णतेने दगडासारखी झालेली असते, ती दाभणाने उकरून काढावी लागते. ती काळी, खोबण काळी, ऑइल काळं, दिसतच नाही. मग जुनीवरच नवी बसते आणि भर शेतात ऑइलची धार लागते. आमच्याकडे येणारे एक वयस्क मेस्त्री होते, ते प्रत्येक वेळी पोराला बजावायचे, "आधी जुनं रबर हातात दाखव गा, मग नवं घाल." ज्या पोराने रबर दाखवलं नाही त्याला ते वाटी लावूच देत नसत.

आणि आता थोडं कागदोपत्री. आजोबांची ट्रॅक्टरची वही आमच्याकडे आहे. हिशेबाची साधी वही, लाल कापडी बांधणीची. मजकूर मराठीत, मध्ये खोचलेल्या पावत्या बऱ्याच कन्नडात, काही इंग्रजीत. तारीख, कोणाच्या शेतात किती तास, डिझेल किती, पैसे आले की राहिले. मला आधी त्यात फक्त गावची माणसं आणि पिकं दिसली. तंबाखूची नांगरट, नंतर वाढत गेलेला ऊस, ट्रॉलीच्या फेऱ्या. दुसऱ्यांदा वाचली ती फक्त ऑइलसाठी, आणि तेव्हा वेगळीच गोष्ट हाती लागली.

पहिल्या काही वर्षांत नोंद कायम जोडीने येते: 'ऑइल व फिल्टर.' मग एका ठिकाणापासून फिल्टर हा शब्द गळतो आणि नुसतं 'ऑइल' उरतं. पुढे मधूनच 'फिल्टर धुतला' असं दोनतीनदा दिसतं. त्यानंतर काही पानांनी मोठा खर्च: इंजिन खोललं, क्रँक घासली, बेअरिंग नवी, लायनर नवे. त्या काळात एलिमेंट सहज मिळत नव्हता, मिळाला तर लांबून मागवावा लागे, आणि नांगरटीचा हंगाम कोणासाठी थांबत नाही. म्हणून कागदाचा एलिमेंट डिझेलमध्ये धुऊन परत बसवायचा. हा प्रकार आमच्याच घरी होता असं नाही, अनेक घरांतून मी हेच ऐकलंय. धुतलेला कागद दिसायला स्वच्छ दिसतो, पण त्याच्या घड्या फुगतात, चिरतात, डिंक सुटतो. फाटलेल्या घडीतून ऑइल न गाळता पलीकडे जातं. त्यात आमची काळी माती, आणि चढावर उसाची भरलेली ट्रॉली. हा ट्रॅक्टर मुळात नांगरटीसाठी घडवलेला. आम्ही त्याला मालगाडीचं इंजिन केलं.

एवढ्यावरून क्रँक फक्त फिल्टरमुळे गेली असं मी म्हणणार नाही. हवेचा फिल्टरही तितकाच जबाबदार असू शकतो. पण वहीतला क्रम बोलका आहे. एखाद्या सुट्या भागाचा तुटवडा म्हणजे नेमकं काय, हे सरकारी अहवालातून कळत नाही, ते असं एक शब्द गळल्यावर कळतं.

डबा फिल्टर, म्हणजे आटे फिरवून बसवायचा आणि जुना झाला की अख्खा टाकून द्यायचा, हा प्रकार १९५० च्या दशकात अमेरिकेत आला आणि हळूहळू सगळीकडे पसरला. कागद, वाटी, रबर, सगळं एकाच पत्र्याच्या डब्यात. पर्किन्सच्या याच घराण्यातल्या पुढच्या इंजिनांनाही डबा फिल्टरचं हेड आलं. आमच्या चुलत भावाचा हट्ट होता की ते बसवू या. ट्रॅक्टर तो चालवतो. वाफे, फवारणी, घरची छोटी कामं अजून त्याच्यावरच होतात. त्याचं म्हणणं सरळ: रबराची रिंग दरवेळी वेगळ्या मापाची मिळते, दर हंगामात गळती. हे असंच चालणार असेल तर भंगारवाला फाटकाशी उभाच आहे. माझं म्हणणं, मूळ रूप जाऊ नये. दिवाळीच्या चार दिवसांत आमचं तीनदा वाजलं.

शेवटी ठरलं ते असं: ब्लॉकला भोक पाडायचं नाही, कुठे घासायचं नाही, वेल्डिंग नाही. जे बसेल ते बोल्टवर बसेल, आणि तेच बोल्ट काढले की जुनं हेड परत लागलं पाहिजे. या अटीवर मी तयार झालो.

हे काम करायचं असेल तर काय पाहावं लागतं ते सविस्तर सांगतो, कारण याबाबत ऐकीव माहिती फार फिरते.

सगळ्यात आधी, आपलं इंजिन पूर्ण प्रवाहाचं आहे की आडवाटेचं, हे ओळखा. अमेरिकेतले जुने फोर्ड ट्रॅक्टर आडवाटेचे. त्यांच्या फिल्टरच्या वाटेत मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं, जेणेकरून थोडंच ऑइल तिकडे वळेल. ते न समजता कोणी मोकळ्या तोंडाचा डबा लावला तर ऑइल सगळं सोप्या वाटेने चेंबरमध्ये परत जातं आणि बेअरिंगला दाब मिळत नाही.

मग प्रवाहाची दिशा. डबा फिल्टरच्या तोंडाशी कडेने बारीक भोकं असतात आणि मध्ये आट्यांचं मोठं भोक. ऑइलने कडेच्या भोकांतून आत जायचं आणि मधून बाहेर पडायचं. हेड किंवा मधला अडॅप्टर उलटा जोडला गेला तर कागदावर बाहेरून यायचा दाब आतून येतो. काही डब्यांत ऑइल परत जाऊ नये म्हणून रबराची झडप असते. उलट्या प्रवाहात ती बंद होते आणि ऑइल पुढे सरकतच नाही. ही झडप हवी की नको, हे डबा कसा बसणार यावर आहे. तोंड वर करून लटकत असेल तर त्यातलं ऑइल आतच राहतं. आडवा किंवा पालथा असेल तर झडप हवीच, नाहीतर रात्रभरात डबा रिकामा होतो आणि सकाळी सुरू करताना इंजिन क्षणभर कोरडं खडखडतं.

तिसरी गोष्ट बायपासची. गाळणी पूर्ण तुंबली किंवा थंडीत ऑइल काकवीसारखं घट्ट झालं तर इंजिन उपाशी राहू नये म्हणून एक स्प्रिंगची झडप न गाळलेलं ऑइल पुढे सोडते. घाण ऑइल परवडलं, पण ऑइलच नाही हे परवडत नाही. जुन्या रचनेत ही झडप हेडमध्ये आहे की वाटीच्या आतल्या भागात, ते बघून घ्या. जुना भाग काढताना तीही निघून जाणार असेल तर नव्या हेडमध्ये किंवा डब्यात ती असायलाच हवी.

आणि आटे. इथे बरेच जण घसरतात. ३/४ इंच व्यास आणि इंचाला १६ आटे हे माप फार प्रचलित आहे. २० मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर आट्यांचं माप तितकंच प्रचलित. आता ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि आट्यांमधलं अंतर सुमारे १.५९. म्हणजे २० चा डबा इंची नळीवर फिरतो, बसल्यासारखाही वाटतो, आणि दाब चढला की आटे सोडून निघून जातो. दुकानदाराने 'बसतोय की हो' म्हटलं तरी आट्यांचं माप लावल्याशिवाय घेऊ नका.

आमच्या बाबतीत पुढच्या पिढीच्या इंजिनाचं हेड मिळालं. ब्लॉकवरचं तोंड, बोल्टांची जागा आणि ऑइलची दोन्ही छिद्रं जुन्या पॅकिंगवर ठेवून जुळवली. तोंडाची सपाटी तपासून घ्यायला उद्यमबागेतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो. बेळगावात ओतकाम आणि मशीनिंगचे कारखाने शेकड्याने आहेत, त्यामुळे असं काम अडत नाही. तिथल्या कारागिराने हेड ग्रॅनाइटच्या टेबलावर निळा रंग लावून घासलं, दोन ठिकाणी उंचवटा दाखवला, आणि तो काढून दिला. पैसे किती, तर म्हणाला, "चहा पाजा. ह्या इंजिनावर आमच्या बाचं पोट चाललंय." इतिहास मंडळाच्या चर्चेत न येणारी ही माणसं.

बसवायला फार वेळ लागला नाही. डब्याच्या रबराला ऑइल चोळलं, डबा तोंड वर करून आधीच ऑइलने भरला, हाताने फिरवून रबर टेकल्यावर आणखी पाऊण फेरा. पाना लावायचा नाही. पुढची चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून स्टिअरिंगची दांडी डब्याला कुठे लागत नाही ना, ते पाहिलं. मग बंद करायची खिटी ओढून धरली आणि स्टार्टर थोडाथोडा मारला, दाबाचा काटा हलेपर्यंत. तो हलल्यावरच इंजिन सुरू केलं. गरम इंजिन, पूर्ण वेगात, या पर्किन्सला ३० ते ६० पौंड दाब असावा असं पुस्तक सांगतं. आमचा काटा पूर्वीच्याच जागी, चाळीसच्या थोडा वर थांबला. काही वाढलं नाही, काही कमी झालं नाही. हेच हवं होतं.

ऑइलबद्दल एक इशारा. जुन्या काळी साधं ऑइल असायचं, घाण तळाशी बसू देणारं. आजच्या ऑइलमध्ये घाण तरंगत ठेवणारी रसायनं असतात, ती गाळणीपर्यंत नेऊन सोडायची म्हणून. वर्षानुवर्षं तळाशी साचलेल्या काळ्या लगद्यावर असं ऑइल एकदम घातलं की तो लगदा सुटतो. म्हणून आम्ही आधी चेंबर खाली उतरवून साफ केलं. जे निघालं ते शाईच्या चोथ्यासारखं होतं. तरी पहिला डबा पन्नास तासांनीच काढला आणि कापून पाहिला. कागद काळा, घड्यांमध्ये चिकट मळी, लोहचुंबकाला थोडी बारीक भुकटी, आणि दोन चमकदार कण जे चुंबकाला चिकटले नाहीत. ते बेअरिंगचे असावेत. आजोबांच्या वहीतल्या त्या गळलेल्या शब्दाचा उरलेला पुरावा कदाचित हाच. मी तो कागद वाळवून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलाय. घरात यावर बरीच थट्टा झाली. दुसऱ्या डब्यात मळी कमी होती, चमकदार कण नव्हते.

वडोदऱ्याच्या आणि इंदूरच्या सभासदांसाठी एक सूचना. तुमच्याकडे झेटॉर घराण्याचे ट्रॅक्टर जास्त. वडोदऱ्यात हिंदुस्थान ट्रॅक्टरचा कारखाना चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने उभा राहिला, आणि एचएमटीने १९७१ पासून पिंजोरला झेटॉरच्या रचनेवर ट्रॅक्टर केले. त्या काळातल्या झेटॉरच्या बऱ्याच इंजिनांत कागदच नाही. ऑइलच्याच दाबाने गरगर फिरणारं एक पात्र असतं, जड घाण त्याच्या भिंतीला चिकटते आणि ती लाकडी पट्टीने खरवडून काढायची. ताक घुसळण्याची आठवण व्हावी असा प्रकार. तिथे विकत घ्यायचं काहीच नसल्यामुळे तुटवड्याचा प्रश्नही नव्हता. माझ्या मते ही रचना अगदी तशीच ठेवावी. डबा बसवायचा मोह टाळावा. आमच्या मॅसीला जे लागू होतं ते तिथे होत नाही.

मंडळातल्या त्या दोघांच्या प्रश्नाकडे आता येतो. वस्तुसंग्रहालयात उभा करायचा ट्रॅक्टर असता तर मी वाटी हलू दिली नसती. पण आमचा मॅसी साठ वर्षांत कधीच मूळ राहिलेला नाही. सीट दुसरी, डायनामोच्या जागी अल्टरनेटर, मागचे मडगार्ड गावच्या लोहाराने घडवलेले. यातला कुठलाही बदल कोणी लिहून ठेवला नाही आणि आज कुठला कधीचा हे सांगता येत नाही, हे नुकसान मला बदलापेक्षा मोठं वाटतं. मडगार्ड कोणी घडवले ते सांगणारा माणूस पाच वर्षांपूर्वी गेला.

जुनं हेड, वाटी, लांब बोल्ट, स्प्रिंग आणि वॉशर डिझेलने धुऊन, ग्रीस लावून लाकडी पेटीत ठेवलेत. पेटीवर पत्र्याची चिठ्ठी आहे: कधी काढलं, कोणी काढलं, तेव्हा काटा कुठे होता, परत बसवताना कोणत्या मापाची रिंग लागेल. वहीतही तेच लिहिलंय, आजोबांच्या शेवटच्या नोंदीनंतर दोन कोरी पानं सोडून. भावाने त्याखाली आपल्या अक्षरात भर घातली: 'डबा फिल्टर दर दोनशे तासांनी. धुवू नये.'

सीमाभागात कोणाच्या माळ्यावर अशी ट्रॅक्टरची, इंजिनाची किंवा गिरणीची वही असेल तर कृपया मंडळाला कळवा. वही देऊ नका, पानांचे फोटो पुरेत. ऑइल, फिल्टर आणि बेअरिंग यांच्या नोंदींची पानं आधी घ्या.